आसारामभाऊंची भिंत आणि माझी द्राक्षवेल

मी, खाली सही करणार, अंबिकाबाई कोम दत्तोपंत टोकेकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा खानावळ, राहणार मौजे राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी शुद्ध आणि स्मरण दोन्ही शाबूत आहेत. कोणी मला भीड घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवील असे माणूस या घरात रंगुबाई एकटीच, आणि ती सध्या परसात भांडी घासत आहे. प्रकृती ठीक आहे. चढ चढताना छाती थोडी कुरकुरते, पण जातेही कुरकुरते आणि पीठ देतेच.

मग आताच मृत्युपत्र कशाला, असे पोस्टमास्तर काकासाहेब मुळे यांनी विचारले. त्याचे कारण असे. गेल्या आठवड्यात शेजारच्या आसाराम वाकचौऱ्याच्या भातकोठाराच्या भिंतीला दोन गवंडी दोरी लावून मापे घेत होते. ती भिंत पडली तर माझी द्राक्षवेल जगणार नाही. वेल माझी आहे, भिंत माझी नाही. तेव्हा माझ्या मालकीचे काय आहे आणि काय नाही, हे नीट लिहून ठेवावे असे मनाने घेतले.

सन १९३५ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. तो कागद मी परवा चुलीत घातला. त्यात एक कलम असे होते की, आसाराम वाकचौरे याला माझ्या तिरडीला हात लावू देऊ नये. ते लिहिताना त्या वेळी फार बरे वाटले होते, हेही नमूद करते. ते कलम का काढले, ते पुढे ओघाने येईल.

कलम १. घर.

राजूर येथील माझे चार खणांचे कौलारू घर, मागील परस आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क, हे सर्व माझ्या पश्चात रंगुबाई लोहकरे हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे.

हे घर वडिलार्जित नाही. माझे यजमान कैलासवासी दत्तोपंत हे भंडारदऱ्याच्या धरणाच्या कामावर गुदाम कारकून होते. १९१३ साली आम्ही नेवाशाहून इकडे आलो. कामावरच्या कारकुनांना आणि ओव्हरसियरांना धड जेवण मिळत नसे. एकदा यजमान तीन पाहुणे जेवायला घेऊन आले, दुसऱ्या दिवशी पाच आले, आणि महिनाभराने मी म्हणाले की आता याला खानावळ म्हणावे. त्या खानावळीच्या कमाईतून १९२४ साली हे घर घेतले. खरेदीखत लिहिताना यजमानांनी लेखकाला थांबवले आणि म्हणाले, "नाव हिचे घाला. भाकरी हिने थापल्या, मी नुसत्या खाल्ल्या." खरेदीखत माझ्या लाकडी पेटीत, तळाशी, पिवळ्या फडक्यात आहे. आम्हांस अपत्य नाही. यजमान १९२८ साली तापाने गेले.

रंगुबाई ही वरच्या डोंगरातल्या वाडीवरची. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ही आपले पातळ आणि एक विळा घेऊन खाली उतरली आणि भात कांडायला आमच्याकडे आली. तिला आता बावीस वर्षे झाली. खानावळीत जेवणाऱ्या मंडळींस येथे एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. गेली नऊ वर्षे अंबिकाबाईंच्या हातची म्हणून जी आमटी वाखाणली जाते, ती रंगूच्या हातची आहे. माझी आमटी बरी होती. हिची चांगली आहे. ज्यांना बाटल्यासारखे वाटेल त्यांनी प्रायश्चित्त घ्यावे, पण नऊ वर्षांचे घ्यावे.

घराचे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला घर नगं. लोक काय म्हनतील?"

"बावीस वर्षे हे लोक आपल्याकडे जेवतात. काय म्हणाले?"

"म्हनले, आमटी झकास हाय."

"मग पुढेही तेच म्हणतील."

तिने पदराने डोळे पुसले. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, "उगवतीकडची कौलं गळत्यात. देनारच आसला तर नीट करून द्या." कौले बदलण्याचे काम मी सांगितले आहे.

कलम २. नेवाशाचे लोक.

माझे दीर नृसिंहराव टोकेकर यांचा या घरावर कोणताही हक्क नाही. ते हक्क सांगतील, म्हणून सविस्तर लिहिते.

१९३४ च्या भाद्रपदात सासूबाईंच्या श्राद्धासाठी मी नेवाशाला गेले. श्राद्ध झाले, पण भाऊजी मला निघू देईनात. आज वार चांगला नाही, उद्या गाडी नाही, असे करता करता दसरा आला. दसऱ्याला जेवणे झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक लिहिलेला कागद, दौत आणि टाक ठेवला.

"वहिनी, त्या डोंगरात एकट्या बाईमाणसाने काय करायचे? घर विकून टाका, गिऱ्हाईक मी पाहिले आहे. इथे या. नदी आहे, देवधर्म आहे, आपली माणसे आहेत."

"आणि खानावळ?"

"टोकेकरांच्या सुनेने लोकांना जेवू घालून पोट भरावे, हे चार लोकांत बरे दिसत नाही."

"भाऊजी, इतकी वर्षे तुम्हाला हे दिसले नव्हते, ते आता घराला गिऱ्हाईक आल्यावर दिसले का?"

ते रागावून उठून गेले. मी कागद तसाच ठेवला, टाक पदरात बांधला आणि पहाटेच्या गाडीने निघाले. हे मृत्युपत्र त्याच टाकाने लिहीत आहे. माझ्यानंतर तो धुऊन, पुसून नृसिंहरावांकडे पोचता करावा. दौत त्यांच्याकडेच आहे.

त्यांचा मुलगा रविकांत मात्र गुणी आहे. नगरला शिकत असताना दोनदा मुद्दाम मला भेटायला आला, घराबद्दल अवाक्षर बोलला नाही आणि आमटी तीनदा वाढून घेतली. यजमानांचे घड्याळ, त्यांच्या पोथ्या आणि पोस्टातील माझी शिल्लक त्याला द्यावी. त्यातून त्याने स्वतःसाठी एक चांगला गरम कोट शिवावा. येथे येताना दोन्ही वेळा कुडकुडत होता.

कलम ३. द्राक्षवेल.

ही वेल परसाच्या उत्तर टोकाला, आसाराम वाकचौऱ्याच्या भातकोठाराच्या भिंतीपासून दोन हातांवर, माझ्या हद्दीत आहे. जात फकडी. हीसुद्धा रंगुबाईलाच मिळावी. पण वेल घरासारखी नुसती ताब्यात घेऊन भागत नाही, म्हणून तिची हकीकत सांगते.

माझे माहेर नाशिकजवळचे. वडिलांची द्राक्षबाग होती, पांगाऱ्याच्या झाडांवर वेली चढवलेल्या. मी त्या वेलींखाली वाढले. राजूरला आल्यावर मला येथले सगळे आवडले, पाऊस आवडला, तांदूळ आवडला, पण चैत्र आला की जिभेला द्राक्षाची आठवण होई. १९२५ साली माहेरी गेले असता वडिलांना म्हणाले, मला चार काड्या द्या. वडील हसत सुटले. "अंबे, द्राक्षाला ऊन लागते. तुझ्या राजुरात ऊन पाहुण्यासारखे येते आणि चहा न घेता जाते." तरी त्यांनी काड्या कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. घोटीपर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी. ती बैलगाडी आसारामची होती.

"बाई, या काटक्या कशाला आनल्या? सरपन आमच्या डोंगरात लई हाय."

"या द्राक्षाच्या काड्या आहेत."

त्याने बैल थांबवले, गोणपाट उकलून पाहिले आणि परत गुंडाळून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. कुनाला सांगू नका, नगरपतुर लोक हसत्याल."

पहिली काडी मी परसाच्या मधोमध लावली. येथला पाऊस चार महिने हटत नाही. मुळे कुजून ती श्रावणातच गेली. दुसऱ्या वर्षी माहेराहून दुसरी काडी मागवली, मातीचा उंच ओटा केला, खाली विटांचे तुकडे घातले. ती वेल पावसात तगली आणि पौषातल्या थंडीने करपली. सकाळी पानांना हात लावला तर तळलेल्या पापडासारखी मोडत. यजमान म्हणाले, "आता नाशिकची द्राक्षे विकत आणू या का? माझी हरकत नाही." मी दोन दिवस त्यांना ताकावर ठेवले.

मग एक बोका माझ्या मदतीला आला. वाकचौऱ्यांचा हा लठ्ठ बोका थंडीच्या दिवसांत सकाळपासून त्या भातकोठाराच्या भिंतीला पाठ लावून बसे आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरही तेथून हलत नसे. मला कुतूहल वाटले. दिवेलागणीला जाऊन मी भिंतीला हात लावला. परसातला वारा बोटे गोठवीत होता आणि भिंत कोमट होती. काळ्या दगडाची दोन हात रुंद भिंत, तोंड दक्षिणेला. हिवाळ्यातले ऊन दिवसभर तिच्यावरच पडते आणि दगड ते रात्रभर पुरवून पुरवून सोडतो. १९२७ च्या माघात पुन्हा मागवलेली तिसरी काडी मी त्या भिंतीशी लावली, आणि ती जगली. यजमानांनी ती कमरेइतकी झालेली पाहिली.

जगली म्हणजे काय, बेफाम झाली. मी तिला शेणखत घातले, मासळीचा कुटा घातला, राख घातली. पण तिला कात्री लावायला माझा हात धजेना. दोन मेलेल्या वेलींनंतर हिचे एक पान तोडणेसुद्धा जिवावर येई. वेल भिंत चढून कोठाराच्या कौलांवर गेली. सात वर्षांत तिला एकूण अकरा मणी आले, त्यांतले चार कावळ्याने नेले.

आसाराम येऊन सांगे, "बाई, तुमचा येल माज्या कौलात शिरतोय."

मी म्हणे, "शिरू दे. तेवढीच सावली होईल."

"सावली न्हाई, पानी हुतंय आत."

मी हसून विषय बदले. असे तीन पावसाळे झाले.

१९३४ च्या आश्विनात मी नेवाशाहून तो टाक पदरात बांधून परत आले. दीर, गिऱ्हाईक, कागद, सगळ्यांना हरवून आल्याच्या आनंदात सरळ परसात गेले. वेलीच्या जागी एक बुंधा आणि त्याच्या चार फांद्यांचे वीतवीत खुंट होते. बाकी सगळी वेल भिंतीशी ढीग घालून वाळत पडली होती. आसारामने कोयत्याने ती छाटली होती.

मी ओरडले, रडले, गाव गोळा केले. यजमान गेले तेव्हा मी लोकांसमोर रडले नव्हते, ते रडणेही त्या दिवशी बाहेर आले असावे. पंच जमले. आसाराम त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "रागात कापला. माजी चूक झाली." इतकेच म्हणाला आणि खाली मान घालून गेला. मी त्याच दिवशी शपथ घेतली की या माणसाशी या जन्मी बोलणार नाही.

पुढे जे घडले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. आठवडाभरात त्या खुंटांचे डोळे फुगले. दिवाळीला फुटवे हातभर झाले आणि प्रत्येक फुटव्यावर मोहरीएवढ्या कळ्यांचे झुबके होते. त्या चैत्रात वेलीला सत्तावीस घड आले. वेलीला इतकी वर्षे छाटणीच हवी होती. माझ्या मायेने ती वांझ राहिली होती आणि त्याच्या रागाने फळली.

मी गावाला काय सांगितले? मासळीच्या कुट्याचा गुण.

सत्तावीस घडांपैकी प्रत्येक घरी मी चार-चार मणी वाटले. वाकचौऱ्यांचे घर तेवढे वगळले. तीन घड त्यांच्या कौलांवर लोंबत होते. ते तेथेच पिकले आणि तेथेच सुकले, पण त्या घरातल्या कोणी त्यांना हात लावला नाही. तो मला त्यांचा माज वाटला.

त्याच्या कोयत्याच्या एकेका घावाखाली किती डोळे राहिले होते, ते मी मोजून वहीत लिहून ठेवले होते. गेली बारा वर्षे दर आश्विनात मी त्याच मापाने छाटते. मला द्राक्षाची छाटणी वडिलांनी शिकवली नाही, त्याने शिकवली.

आता रंगूसाठी सूचना. पाऊस पुरता गेल्याशिवाय छाटू नकोस, आणि गेल्यावर एक दिवसही थांबू नकोस. पानांवर पांढरी भुरी दिसली की गंधक फडक्यात बांधून सकाळी दव असताना झटकायचा. केवडा पडून पिवळे डाग दिसले तर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपड. थंडीत संध्याकाळी पाणी घालू नकोस, सकाळी घाल. माघात घडांवरची पाने काढ, म्हणजे भिंतीचे आणि सूर्याचे दोन्हीकडचे ऊन मण्यांना लागेल. नाशिकची द्राक्षे संपतात तेव्हा आपली कुठे गोड व्हायला लागतात, म्हणून कोणी कितीही डिवचले तरी हिरवा घड तोडू नकोस. काडी मागायला येईल त्याला काडी जरूर दे. मात्र आधी त्याची भिंत पाहून ये.

कलम ४. आसाराम वाकचौरे.

गेल्या वैशाखात त्यांची बायको कडूबाई आणि मी आपापल्या अंगणात पापड वाळत घालत होतो. अबोला माझा आसारामशी होता, कडूबाईशी मी कामापुरते बोलत असे. बोलता बोलता ती म्हणाली, "ज्या साली आमचं बियान्याचं भात गेलं, त्या साली बी असाच वारा हुता."

मी विचारले, "भात केव्हा गेले?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "तुमास्नी ठाव न्हाई व्हय? तुमच्या येलानं कौलं उचलली हुती न्हवं. पावसाचं पानी कनगीत गेलं. समदं बी भिजून त्याला मोड आलं. पुढल्या पेरनीला दारोदार हिंडून बी गोळा केलं आमी."

माझ्या हातातला पापड तसाच राहिला. मी म्हणाले, "मग पंचांपुढे बोलले का नाहीत?"

"तुमी रडत हुता. समदं गाव तुमच्या अंगनात. त्यात यांनी काय म्हनावं, माजं भात?"

बारा वर्षे, म्हणजे एक तप, मी गावाला अर्धीच गोष्ट सांगत आले, आणि दुसरी अर्धी मला ठाऊकही नव्हती. ठाऊक करून घ्यायची तसदी मी घेतली नव्हती. तीन पावसाळे एक माणूस सांगत होता की आत पाणी जाते, आणि मी हसत होते. वैशाखापासून आजपर्यंत हे त्यांच्या तोंडावर सांगायला मला धीर झाला नाही. टाकाने सांगणे सोपे जाते. येथून पुढे मी त्यांना आसारामभाऊ लिहीन.

तरी मी जाहीर करते की १९३४ साली चूक माझी होती. आसारामभाऊंच्या बियाण्याचे नुकसान माझ्या वेलीने आणि माझ्या हसण्याने झाले. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागते. धरणावरचे ओव्हरसियर बदलून जाताना मला देऊन गेलेली छाटणीची कात्री माझ्यानंतर त्यांना द्यावी. वेलीला दर चैत्रात जो पहिला घड पिकेल तो त्यांच्या घरी जावा, आणि माझ्या तिरडीला त्यांनी खांदा द्यावा अशी माझी इच्छा आहे. ते वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, तेव्हा त्यांनी जरा प्रकृतीला जपावे.

भिंतीबद्दल मी काहीही लिहू शकत नाही, कारण ती माझी नाही. विनंती करू शकते, ती करते. त्यांनी ती राखली तर बरे होईल. पाडली तर रंगूने भांडू नये.

कलम ५. किरकोळ.

तांब्याचा बंब आणि मोठी पातेली खानावळीसोबत रंगूकडे राहतील. माझी लुगडी कडूबाईने आणि रंगूने वाटून घ्यावी. निळे लुगडे कडूबाईचे, ती बरीच वर्षे त्याच्याकडे पाहते आहे. माझ्या दिवसांना जेवायला येणाऱ्यांना नव्या तांदळाचा भात आणि रंगूची आमटी वाढावी. भाषणे करू नयेत.

कलम ६.

येथपर्यंत काल लिहिले. हे कलम आज सकाळी वाढवावे लागले.

साक्षीदार म्हणून काकासाहेब पोस्टमास्तर आणि शाळेचे सहादेव गुरुजी आले होते. मी रंगूला म्हणाले, आसारामभाऊंनाही बोलावून आण. ते आले, मागून कडूबाई आली. आसारामभाऊ ओटीखाली थांबले आणि म्हणाले, "बोलावलं व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. बारा वर्षांनंतरचा माझा पहिला शब्द. सहादेव गुरुजी गालातल्या गालात हसले.

मी त्यांना ओटीवर बसवले आणि सगळे मृत्युपत्र वाचून दाखवले. ते गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. वाचून झाले. मग ते म्हणाले, "बाई, एक गोष्ट चुकली हाय."

"कोणती?"

"पंचांपुढं मी चूक झाली म्हनलो, ते काय मनातनं नव्हतं. हिनं सांगितलं हुतं, माफी मागून या, न्हाईतर घरात भाकर न्हाई."

कडूबाई म्हणाली, "आन् आल्यावर भाकरीसंगं भरीत बी दिलं हुतं की."

काकासाहेबांना ठसका लागला. मला हसू आवरेना. मी विचारले, "आणि ते तीन घड? तुमच्या कौलांवरचे? ते का नाही खाल्ले?"

"आंबट आसतील वाटलं," आसारामभाऊ म्हणाले. कोल्ह्याची म्हण माझ्या ओठांवर आली होती, पण पहिल्याच दिवशी नको म्हणून गिळली. रंगू आत गेली आणि गेल्या चैत्रात वाळवून ठेवलेले मनुके वाटीतून घेऊन आली. त्यांनी एक तोंडात टाकला, मग आणखी दोन टाकले आणि वाटी कडूबाईकडे सरकवली.

मग मी धीर करून म्हणाले, "गवंडी आले होते."

"श्रीमंतनं आनले." श्रीमंत हा त्यांचा थोरला मुलगा. "कोठार पाडून त्याला पत्र्याचं दुकान घालायचं हाय. आता धा वर्सं मागं लागलाय."

"मग पाडणार?"

"तीन भिंती पाडनार. ही चौथी ऱ्हानार. ती दुकानाला कशी जोडायची, त्याचं माप घेत हुते गवंडी."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. हे मृत्युपत्र मी ज्या भीतीने लिहायला बसले, ती भीती त्यांनी आधीच निकालात काढली होती, आणि तेही माझ्या क्षमेची वाट न पाहता. मी विचारले, "श्रीमंतने विचारले नाही, ही एकच का ठेवायची म्हणून?"

"इचारलं. म्हनलं, त्या भिंतीला बारा वर्सं द्राक्षं लागत्यात. तुज्या दुकानाला काय लागनार हाय?"

कडूबाई दुसरीकडे पाहत होती. मी डोळे पुसले, आणि या वेळी लोकांसमोर रडल्याचे मला काही वाटले नाही.

आसारामभाऊच म्हणाले, "लिव्हा त्या कागदात. आमच्यामागं पोरं पलटली तर?" त्यांनी सांगितले तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत आहे:

"भातकोठाराची दक्षिणेकडची दगडी भिंत माजी, माज्या बापानं बांधल्याली. बाईंचा येल जिता हाय तवर ती पाडायची न्हाई, तिच्यात खिडकी पाडायची न्हाई, तिला चुना लावायचा न्हाई. येल छपरावर आला तर रंगुबाईनं कापावा. न कापला तर मी कापीन."

मी त्यांना साक्षीदार म्हणून अंगठा करायला सांगितले. ते म्हणाले, "साक्षीदार दोन हायेत की तुमच्याकडं. मला आनिक काय तरी म्हना." काय म्हणायचे ते त्यांनीच सांगितले आणि सहादेव गुरुजींनी खाली लिहिले.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा एकवार वाचला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच आहे आणि मला मान्य आहे. हा माझा शेवटचा लेख समजावा. वेलीबद्दल आणखी काही सुचले तर रंगूला तोंडी सांगेन.

मुक्काम राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर.
आश्विन वद्य, शके १८६८. दिनांक १४ ऑक्टोबर १९४६.

अंबिका दत्तोपंत टोकेकर
सही दस्तुरखुद्द

बाईंनी आमच्यासमक्ष, राजीखुशीने व मधूनमधून हसत सही केली. साक्षी:

१. काकासाहेब मुळे, पोस्टमास्तर, राजूर
२. सहादेव हासे, शिक्षक, मराठी शाळा, राजूर

निशाणी डाव्या हाताचा अंगठा:
आसाराम सखाराम वाकचौरे, भिंतीचा मालक